नियम कोणी लिहावेत? शालेय वर्गासाठी संगणकीय खेळनिर्मितीचे व्यासपीठ निवडताना

आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने गेल्या वर्षी शाळेला देणगी देऊ केली आणि तिच्यासोबत एक सूचनाही केली. चाकण, भोसरी, तळवडे येथील कारखान्यांत आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत स्थिरावलेल्या या बंधू-भगिनींचे म्हणणे असे, की मुलांना टंकलेखन आणि तक्ते भरणे शिकवून आता भागणार नाही. संगणकीय खेळ तयार करण्याचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम शाळेने घ्यावा. ही बातमी बाहेर कशी गेली कोण जाणे, पण पंधरा दिवसांत शाळेच्या टेबलावर निरनिराळ्या कंपन्यांची दरपत्रके येऊन पडली. सर्वांच्या मुखपृष्ठावर हसरी मुले होती आणि सर्वांच्या शेवटच्या पानावर प्रमाणपत्राचा नमुना. निवडीचे काम आम्हा शिक्षकांकडे आले. त्या अभ्यासातून जे हाती आले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. पैसा ज्यांचा आणि मुले ज्यांची, त्यांना निर्णयामागील कारणे कळली पाहिजेत.

पालकसभेत पहिला आक्षेप एका मातेने घेतला. “मोबाइलवरचा गेम सुटावा म्हणून पोराला वसतिगृहात ठेवलं, आणि तुम्ही इथं गेमच शिकवणार?” हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. तिच्या बाजूने दीघनिकाय उभा आहे. त्यातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, भिक्खूंनी टाळावयाच्या खेळांची मोठी यादी येते. आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटावरील खेळ तिच्यात अग्रभागी आहेत आणि हे सर्व जुगाराचे व प्रमादाचे स्थान म्हणून नोंदले आहे. सिगालोवाद सुत्तात तर गृहस्थालाच जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी आपल्या वस्त्यांत काय केले, हे या पट्ट्यातील कामगार कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली, तोवर अनेक घरांचे पगार त्यांत गेले होते.

परंतु खेळ खेळणे आणि खेळ रचणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि आमचे सारे विवेचन या भेदावर उभे आहे. खेळणारा नियम स्वीकारतो. रचणाऱ्याला नियम लिहावा लागतो, तो न्याय्य आहे की नाही हे तपासावे लागते आणि दुसऱ्याला तो खेळावयास देऊन त्याची तक्रार ऐकावी लागते. ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्यांनी लिहिलेल्या नियमांखाली आयुष्य काढले, त्या समाजाच्या मुलांना ‘नियम माणसाने लिहिलेला असतो, म्हणून माणसाला तो बदलता येतो’ ही गोष्ट हाताने करून कळावी, यासारखे नागरिकशास्त्र दुसरे नाही.

पटावरून पडद्याकडे

संगणकाला हात लावण्यापूर्वी आम्ही सहावीच्या वर्गात सापशिडीचा पट नेला. या खेळाचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे श्रेय आळंदीच्या संत ज्ञानेश्वरांना देते. पटावरील घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे, शिडी म्हणजे पुण्य, साप म्हणजे पाप आणि शेवटी मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्लंडला गेला, तेव्हा तेथील लोकांनी आपली नीतिमूल्ये त्यावर चिकटवली. पट तोच राहिला, शिकवण बदलली.

मुलांना आम्ही एवढेच विचारले : या खेळात खेळाडू काय ठरवतो? थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आले, “काहीच नाही. फासा ठरवतो.” हे उत्तर म्हणजे अर्धा तास झाला. शिडीवर चढलेल्याने काही चांगले केलेले नसते, सापाने गिळलेल्याने काही वाईट केलेले नसते. दान पडले आणि नाव मात्र पुण्याचे लागले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हा सिद्धान्त का नाकारला, हे सहावीच्या मुलाला व्याख्यानाने समजावणे कठीण. सापशिडीच्या पटाने ते सोपे झाले. मग त्यांना काम दिले : असा एक नियम घाला की खेळाडूला निवड करता येईल. कोणी दोन फासे देऊन त्यांतील एक निवडण्याची मुभा दिली. एका गटाने नियम केला, की सापाच्या तोंडी पडलेल्याला मागून येणारा आपली पाळी सोडून वाचवू शकतो. हा नियम खेळून पाहिल्यावर खेळ लांबला, पण कोणी मध्येच उठून गेले नाही.

घरोघरी असलेल्या ‘व्यापार’ या खेळाचीही अशीच कथा आहे. त्याचा मूळ पूर्वज अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या स्त्रीने रचला. १९०४ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. जमिनीची मक्तेदारी कशी अन्यायकारक असते हे दाखवणे हा तिचा हेतू होता. पुढे तोच पट मक्तेदारी मिळवण्याच्या आनंदासाठी जगभर विकला गेला. इतिहासाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगले साधन कोणते हवे?

हा सारा भाग वीज, इंटरनेट आणि शुल्क यांच्याविना झाला. संगणकाशिवाय संगणकीय विचार शिकवण्याची ही पद्धत आमची नव्हे. एसीएम इंडियाचा ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम २०१६ पासून भारतीय शाळांसाठी हेच काम करीत आहे. कोणतेही व्यासपीठ निवडण्यापूर्वी शाळेने हा टप्पा ओलांडावा. कारण कागदावर ज्याला खेळ रचता येत नाही, त्याला महागडे सॉफ्टवेअर केवळ दुसऱ्याची रचना नक्कल करावयास शिकवते.

कळ दाबणारे आणि सूचना लिहिणारे

या पट्ट्यात हा विषय कशासाठी, याचे उत्तर कारखान्यांच्या दारात मिळते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे मोटारींचे कारखाने आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि त्यानंतर चाकणचा माळ उद्योगांनी भरला. लातूर, बीड, नांदेड, जालना येथून आलेल्या आपल्या लोकांनी या कारखान्यांत घाम गाळला. आज तेथील वेल्डिंगच्या ओळीवर यंत्रमानव उभा असतो. त्याच्याजवळ कंत्राटी कामगार सुटा भाग ठेवतो आणि कळ दाबतो. यंत्रमानवाने हात कोठे, कोणत्या क्रमाने, किती वेगाने न्यावा हे लिहिणारा अभियंता वातानुकूलित खोलीत असतो. दोघेही श्रमच करतात. परंतु पहिल्याच्या जागी उद्या दुसरा येतो, दुसऱ्याच्या जागी सहजासहजी कोणी येत नाही. बाबासाहेबांनी श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत केलेला भेद येथे नव्या वेषात उभा आहे.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सरकारला सादर केले, त्यात त्यांनी विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांचा आग्रह धरला होता. कला व कायदा या शाखांच्या पदव्यांनी समाजाची उन्नती पुरेशी होणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. ज्यांनी स्वतः अर्थशास्त्र व कायद्यात जगन्मान्य पदव्या मिळवल्या त्यांनी हे म्हणावे, याला वजन आहे.

खेळनिर्मिती हा उद्योगही आता दूरचा राहिलेला नाही. २०२० मध्ये जगभर पोहोचलेला ‘राजी’ हा खेळ पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने केला. ‘इंडस’ करणारी सुपरगेमिंग ही कंपनीही पुण्याचीच. ‘राजी’चे चित्रण देखणे आहे आणि त्याची कथा देवदेवता व असुर यांच्या पुराणसृष्टीतून आलेली आहे. त्यावर आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की चवदार तळे, नालंदा, अजिंठ्याचे चित्रकार, गिरणगावातील चाळी या सृष्टीतून खेळ यावयाचे असतील, तर ते रचणारी मुले ती सृष्टी ज्यांची आहे त्यांच्या घरांतूनच यावी लागतील.

परीक्षा कशी घेतली

केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे : परंपरेने सांगितले, ग्रंथात आहे, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका; स्वतः पारखून घ्या. दरपत्रकांपुढे बसताना आम्हाला हेच सुत्त उपयोगी पडले. कारण या बाजाराचा अलीकडचा इतिहास फारसा भूषणावह नाही. मुंबईत २०१८ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॅट ज्युनिअर या कंपनीने मुलांना कोडिंग शिकवण्याच्या जाहिरातींत लहान वयात कोट्यवधी कमावणारा एक काल्पनिक मुलगा रंगवला. २०२० मध्ये ती ३० कोटी डॉलरना बायजूजकडे गेली आणि त्याच वर्षी जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून तिच्या काही जाहिराती मागे घेतल्या गेल्या. पुढे जुलै २०२४ मध्ये बायजूजची मूळ कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. तीन वर्षांचे शुल्क आगाऊ भरणाऱ्या शाळेने हा कालक्रम एकदा भिंतीवर लिहून ठेवावा.

साधनांचेही तसेच. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश हे तंत्र बंद झाले आणि त्यावर चालणारे असंख्य शैक्षणिक खेळ एका दिवसात मुके झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या जगद्विख्यात खेळ-इंजिनाच्या कंपनीने, खेळ जितक्या वेळा बसवला जाईल तितके शुल्क निर्मात्याकडून घेण्याची घोषणा केली; जगभर ओरड झाली आणि वर्षभराने ती मागे घ्यावी लागली. ज्याच्या मालकीच्या जमिनीवर आपण झोपडी बांधतो तो भाडे केव्हाही वाढवू शकतो, हे आपल्या लोकांना कोणत्याही तज्ज्ञापेक्षा अधिक चांगले कळते.

म्हणून आम्ही प्रथम तीन गोष्टी वेगळ्या केल्या, ज्या दरपत्रकांत एकत्र मिसळलेल्या होत्या. एक म्हणजे साधन, ज्यात खेळ तयार होतो. दुसरी म्हणजे पाठ, जे ते साधन वापरावयास शिकवतात. तिसरी म्हणजे व्यासपीठ, जेथे मुलाचे खाते असते, प्रगती नोंदली जाते, गुण व प्रमाणपत्र मिळते. कंपन्या पैसे मुख्यतः तिसऱ्या गोष्टीचे घेतात. पहिली गोष्ट बहुधा विनामूल्य असते. दुसरी चांगल्या शिक्षकाकडे असते किंवा त्याला मिळवता येते.

हिशेबाचे एक उदाहरण मांडतो. चाळीस मुलांचा वर्ग, प्रति विद्यार्थी महिना ५०० रुपये आणि दहा महिने धरले तर एका वर्गाचे वर्षाचे दोन लाख रुपये होतात. वर्ष संपले की खाते बंद. त्याच रकमेत दुरुस्त केलेले जुने संगणक घेतले, तर ते पुढील तुकड्यांनाही पुरतात.

भाषेची कसोटी आम्ही सर्वांत कडक ठेवली. ‘मराठीत उपलब्ध’ असे लिहिलेले असले तरी पुष्कळदा केवळ पडद्यावरची बटणे मराठी असतात. समजावून सांगणारे चित्रफिती-पाठ, चूक झाल्यावर येणारे संदेश आणि मदतीची पाने इंग्रजीतच राहतात. मुलाला मराठीची गरज तर चूक झाल्यावर असते! आणखी एक प्रकार म्हणजे यंत्राने केलेले भाषांतर, ज्यातले मराठी वाचून मूल इंग्रजीकडेच वळते. उलट बाजूही आम्ही विसरलो नाही. पुढे ज्या व्यवसायात या मुलांना जावयाचे आहे त्याची भाषा इंग्रजी आहे, आणि आपल्या मुलांना त्या भाषेपासून दूर ठेवणे हाही अन्यायच. म्हणून आमचा निर्णय असा : विचार मराठीत, शब्द दोन्ही भाषांत. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी निवेदनाचे अनेक पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येतात. त्यांची पडद्यावरील भाषा इंग्रजी व कानावरची मराठी ही रचना या हेतूला फार अनुकूल आहे.

इंटरनेटशिवाय चालणे ही दुसरी अट. गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जाण्याची या पट्ट्याला सवय आहे आणि पावसाळ्यात जोडणी तुटली की दोन दिवस कोणी फिरकत नाही. जे व्यासपीठ जोडणी तुटताच मुलाचे काम गिळून टाकते, ते आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले.

तिसरी अट मुलांच्या माहितीविषयी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. एका प्रतिनिधीने आमच्याकडे मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल क्रमांक आणि जातीचा प्रवर्ग एवढे रकाने असलेला तक्ता मागितला. खेळ शिकवावयास प्रवर्ग कशाला हवा, या प्रश्नावर उत्तर आले नाही. तो तक्ता कोराच परत गेला.

निवड

प्रत्यक्ष चाचणी आम्ही सातवी-आठवीच्या मुलांसोबत सहा शनिवार घेतली. रोब्लॉक्सवर खेळ रचता येतो हे खरे, पण रचलेला खेळ त्याच कंपनीच्या आवारात राहतो, तेथे तिचे स्वतःचे चलन चालते आणि अनोळखी लोकांशी गाठ पडण्याचा धोका असतो. वसतिगृहाच्या जबाबदारीत ते बसत नाही. माइनक्राफ्टची शैक्षणिक आवृत्ती उत्तम असली तरी तिला परवाना व बरे संगणक लागतात. कोडकॉम्बॅट मुलांना आवडला. मात्र त्यात मूल दुसऱ्याने रचलेल्या खेळात सूचना लिहून पुढे जाते, आणि त्याचा बराच भाग सशुल्क आहे. मायक्रोसॉफ्टचे मेककोड आर्केड विनामूल्य आहे, ठोकळ्यांवरून लिखित भाषेकडे जाण्याचा त्याचा मार्ग सुबक आहे. दुसऱ्या क्रमांकावर आम्ही त्याला ठेवू.

पहिली निवड स्क्रॅच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते २००७ मध्ये लोकांसाठी खुले केले. रंगीत ठोकळे एकात एक बसवून सूचना तयार होतात, म्हणून टंकलेखनाच्या चुकांत मूल अडकत नाही. ते विनामूल्य आहे, संगणकावर उतरवून इंटरनेटशिवाय चालते, आणि मुलाचे काम फाइलच्या रूपात त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहते. शिक्षकाला मुलांच्या ई-मेलशिवाय वर्गाची खाती उघडता येतात. फ्लॅश बंद होणार हे दिसताच त्याच्या कर्त्यांनी २०१९ मध्ये संपूर्ण साधन नव्या तंत्रावर नेले आणि जुन्या फाइली नव्यात उघडतील अशी सोय केली. मुलांच्या कामाविषयीचा हा आदर आम्हाला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचा वाटला.

त्याचा शैक्षणिक लाभ एका उदाहरणाने सांगतो. स्क्रॅचच्या रंगमंचाचा मध्य शून्य. डावीकडे उणे २४०, उजवीकडे २४०, वर १८०, खाली उणे १८०. ऋण संख्या कशाला असतात, हा सातवीचा सनातन प्रश्न येथे आपोआप मिटतो. आता पात्राला उडी मारावयास लावायची. ‘वेग’ नावाचा एक चल घेतला, त्याची किंमत १२ ठेवली. प्रत्येक ठोक्याला पात्र वेगाइतके वर जाईल आणि वेग एकाने कमी होईल. म्हणजे १२, मग ११, मग १० असे करीत ते एकूण ७८ घरे वर जाते. वेग शून्य होतो, मग ऋण होतो आणि पात्र त्याच चालीने खाली येते. गुरुत्वाकर्षण म्हणजे काय हे न सांगता गुरुत्वाकर्षण लिहून झाले. वेग दुप्पट, म्हणजे २४ केला तर? वर्गाने एकमुखाने १५६ सांगितले. चालवून पाहिले तर पात्र सरळ वरच्या कडेला जाऊन भिडले, कारण बेरीज ३०० येते. मुले फळ्याकडे धावली. दहावीच्या पुस्तकातील अंकगणित श्रेढी आणि नववीच्या विज्ञानातील गतीचे नियम आठवीच्या मुलांनी त्या शनिवारी स्वतः मागून घेतले.

रचना पाहू गेल्यास सर्वांत बोलका खेळ एका सातवीच्या मुलीचा होता. तिच्या खेळात वडिलांना डबा घेऊन शिफ्टच्या बसपर्यंत पोहोचावयाचे असते. वाटेत पाण्याचा टँकर, खड्डे, कुत्री. बस चुकली तर खाडा. तिने नियम ठेवला होता, की मागून दुसरी बस येते. शेजारचा मुलगा म्हणाला, “खऱ्यात येत नाही.” ती म्हणाली, “माझ्या गेममध्ये येते.” यावर पंधरा मिनिटे वाद चालला आणि आम्ही तो थांबवला नाही.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. आठवीच्या मुलांनी २० मार्च १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहावर खेळ करावयाचे ठरवले. तळ्यावर पोहोचले की शंभर गुण, वाटेतील हल्लेखोराला चुकवले की दहा गुण, असा त्यांचा आराखडा. आम्ही विचारले, सत्याग्रहींना गुण कोण देणार, आणि कशाचे? दोन शनिवार चर्चा झाली. शेवटी त्यांनी गुण काढून टाकले. आता त्यांच्या खेळात ‘सोबती’ नावाचा चल आहे. वाटेत भेटणाऱ्या माणसाशी थांबून बोलले तर तो एकाने वाढतो, घाईने पुढे गेले तर वाढत नाही. तळ्यापर्यंत सर्वच पोहोचतात, प्रश्न उरतो तो किती जण मिळून पोहोचलात याचा. इतिहास शिकवण्याच्या आमच्या इतक्या वर्षांत त्या दिवसाविषयी एवढा नेमका विचार आम्ही क्वचितच ऐकला.

एक निरीक्षण पालकांसाठी. दोघांना एक संगणक दिला की माउस मुलाच्या हातात जातो आणि मुलगी शेजारी बसून पाहते. कोणतेही व्यासपीठ हे सुधारीत नाही. आम्ही घड्याळ लावले : दर पंधरा मिनिटांनी खुर्ची बदलायची; एकाने सूचना सांगायच्या, दुसऱ्याने बसवायच्या. शिफ्टच्या बसचा खेळ या घड्याळामुळे झाला.

नववीसाठी गोडो हे इंजिन निवडले आहे. अर्जेंटिनात जन्मलेले आणि २०१४ पासून मुक्त परवान्याने खुले असलेले हे साधन कोणालाही शुल्क न देता वापरता येते, त्यातून केलेला खेळ विकता येतो, आणि उद्या त्याचे कर्ते थांबले तरी ते कोणाला परत मागता येत नाही. त्याची भाषा पायथॉनच्या जवळची आहे, त्यामुळे ती पुढे वाया जात नाही. आमच्या जुन्या संगणकांवर त्याची तिसऱ्या मालिकेतील आवृत्ती चालते. तिच्या मुळाक्षरांसाठी जीडीक्वेस्टचा ब्राउझरमध्ये चालणारा विनामूल्य पाठ आहे. सुट्टीत गावी गेलेल्या आणि हाती केवळ फोन असलेल्या मुलांसाठी ऑस्ट्रियातील ग्रात्स तंत्रविद्यापीठातून आलेले पॉकेट कोड सुचवतो. दहावीला हा तास नाही. परीक्षेच्या वर्षात कोणी आग्रह धरू नये.

असे काम आपणच प्रथम करीत आहोत असेही नव्हे. तेलंगणाच्या समाजकल्याण निवासी शाळांनी हैदराबादजवळ मोइनाबाद येथे मुलांसाठी कोडिंगची स्वतंत्र निवासी शाळाच काढली आणि ब्रिटनच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने त्यांना साहाय्य केले. आणि इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. चाकणपासून जवळच, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभारला. हाताने करून शिकण्याच्या त्या परंपरेमुळे २००२ मध्ये एमआयटीच्या बाहेरील पहिली फॅबलॅब तेथे आली. आमच्या शिक्षकांनी यंदा तेथे चार दिवस काढावेत असे ठरले आहे.

देणगीचा विनियोग त्यामुळे बदलला. खात्यांसाठी ठेवलेली रक्कम प्रयोगशाळेच्या इन्व्हर्टरला, दुरुस्त संगणकांना आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जाईल. माजी विद्यार्थ्यांकडून आता पैशापेक्षा महिन्यातील एक शनिवार हवा आहे. कारखान्यात यंत्रमानवाला सूचना देणाऱ्या आपल्या भगिनीने आठवीच्या मुलींना तासभर भेटावे, एवढे पुरे.

सोबत ठोकळ्यांच्या मराठी नावांचा एक छोटा शब्दसंग्रह मुलांकडूनच तयार होत आहे. ‘व्हेरिएबल’साठी गणिताच्या पुस्तकातला ‘चल’ सर्वांना मान्य झाला, ‘ब्रॉडकास्ट’ला ‘दवंडी’ हा शब्द एका मुलाने आजोबांकडून आणला. ‘लूप’वर मात्र अजून एकमत नाही. गणिताचे शिक्षक ‘आवर्तन’ म्हणतात, मुले ‘फेरा’ म्हणतात, आणि आमच्या भंतेजींनी ‘फेरा’ या शब्दावर हसत हसत विचार करावयास वेळ मागून घेतला आहे.